बिली ब्रॅग : गिटार, संप आणि गाण्यांचा सातबारा

तारस्वर

बिली ब्रॅग या इंग्रज गायकाचं नाव निघालं की गप्पा दोन मिनिटांत ऐंशीच्या दशकातल्या ब्रिटिश पंतप्रधान थॅचरबाईंवर जातात आणि तिथेच रुतून बसतात. डावा गायक, खाणकामगारांचा संप, युनियनची गाणी, झालं. त्याच्या राजकारणाबद्दल माझी काही तक्रार नाही. पण या नादात त्याची एक बाजू कायम झाकली जाते. गाण्याच्या धंद्यात पैसा कुठून येतो, कुठे मुरतो आणि गाणं शेवटी कुणाच्या नावावर राहतं, यावर या माणसाची पहिल्यापासून बारीक नजर आहे. मालकाला जे प्रश्न विचारा म्हणून तो कामगारांना सांगतो, तेच त्याने स्वतःच्या रेकॉर्ड कंपनीलाही विचारले. मला मुख्यतः त्याबद्दल बोलायचंय.

ज्यांनी ऐकलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म १९५७चा, लंडनच्या पूर्वेला बार्किंगमध्ये. १९७७ मध्ये 'रिफ रॅफ' नावाचा पंक (म्हणजे खडबडीत, बंडखोर रॉक) बँड काढला, तो काही चालला नाही. १९८१ मध्ये गडी चक्क सैन्यात भरती झाला, रणगाडा चालवायला शिकला आणि तीन महिन्यांत १७५ पौंड भरून स्वतःची सुटका करून घेतली. बाहेर आल्यावर एकट्यानेच गायला लागला. एक इलेक्ट्रिक गिटार, एक अ‍ॅम्प आणि बार्किंगचा ठसका असलेला आवाज. बास नाही, ड्रम नाही.

त्याचं सगळं वेगळेपण इथे आहे. एकटा माणूस गिटार घेऊन उभा राहिला की लोक अकूस्टिक गिटार, मिटलेले डोळे आणि मवाळ आवाज गृहीत धरतात. हा मात्र इलेक्ट्रिक गिटार अशी खडखडवतो की बाकीचा बँड आज उशिरा येणार आहे आणि हा थांबायला तयार नाही, असं वाटावं. फोक-पंक, म्हणजे लोकसंगीत अधिक पंक, या नावाखाली पुढे बरंच काही आलं. द पोग्ज होते, त्यांच्याकडे अ‍ॅकॉर्डियन आणि टिन व्हिसल होती. ब्रॅगकडे ती सामग्रीही नव्हती. त्याचं फोक वाद्यांत नाही, गोष्ट सांगण्याच्या पद्धतीत आहे.

पहिली रेकॉर्ड 'लाइफ्स अ रायट विथ स्पाय व्हर्सेस स्पाय', १९८३. तिची जन्मकथा मजेशीर आहे. कॅरिझ्मा कंपनीच्या ऑफिसात हा टीव्ही दुरुस्तीवाला असल्याची बतावणी करून शिरला आणि पीटर जेनरपर्यंत पोचला. जेनर म्हणजे सुरुवातीच्या दिवसांत पिंक फ्लॉइडचं काम पाहणारा माणूस. कंपनी तेव्हा डबघाईला आलेली, नव्या कलाकारावर घालायला पैसा नाही. मग एका म्युझिक पब्लिशरकडून (गीत-चालीचे हक्क सांभाळणारी कंपनी) डेमो, म्हणजे कच्च्या नमुना-ध्वनिमुद्रणाची सोय झाली आणि त्याच डेमोंची रेकॉर्ड निघाली. सात गाणी, सगळी मिळून सोळा मिनिटांच्या आत. तिला नाव अल्बमचं द्यायचं की नाही यावरच वाद घालता येईल.

पण खरी गंमत कव्हरवर आहे. तिथे छापलं होतं की या रेकॉर्डसाठी २.९९ पौंडांपेक्षा जास्त देऊ नका. किंमत कव्हरवरच छापली की दुकानदाराला वर पैसे लावता येत नाहीत आणि कंपनीलाही 'बाजारभाव' म्हणून हात वर करता येत नाहीत. पंक मंडळींमध्ये हे आधी क्रास वगैरे बँडांनी केलेलं होतं, ब्रॅगचा शोध नव्हे. मात्र त्याच्याकडे ती पोझ राहिली नाही, सवय झाली. १९८८च्या 'वर्कर्स प्लेटाइम'च्या कव्हरवर तर 'भांडवलशाही संगीताचा जीव घेतेय' असा मजकूर होता. त्याआधी रेकॉर्ड कंपन्यांनी 'घरी कॅसेटवर टेप केल्याने संगीत मरतंय' अशी जोरदार मोहीम चालवली होती, तिची ही टर.

बिर्याणीची गोष्टही सांगून टाकतो, नाहीतर कुणीतरी सांगेलच. बीबीसी रेडिओवर निवेदक जॉन पील बोलता बोलता म्हणाला की आत्ता मशरूम बिर्याणी मिळाली तर काय वाट्टेल ते करीन. ब्रॅगने ऐकलं, बिर्याणी घेतली आणि रेकॉर्डसकट बीबीसीत हजर झाला. पीलने गाणं लावलं. रेकॉर्ड १२ इंची पण मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या वेगाची होती, त्यामुळे आधी चुकीच्या वेगाने वाजलं. पील नंतर सांगत असे की बिर्याणी नसती तरी लावलंच असतं. असेल. पण टीव्ही दुरुस्ती काय, बिर्याणी काय, दार उघडत नसेल तर कुठून आत जायचं याचं डोकं या माणसाला होतं, आणि हेच डोकं पुढे करारांच्या वेळी चाललं. त्याबद्दल प्रतिसादांत लिहितो, सगळं इथेच ओतलं तर धागा कशाला काढायचा.

बेसूर_बाबू

सगळं खरं हो, पण आवाजाचं काय? मी दोनदा प्रयत्न केला. भाजी मंडईत भाव पुकारतोय असा गातो राव.

जुनी_कॅसेट

बाबू, आवाज गोड नाहीच, पण 'लेव्हाय स्टब्ज टिअर्स' ऐकलंत का? १९८६च्या 'टॉकिंग विथ द टॅक्समन अबाउट पोएट्री' मधलं. ते ऐकून मग बोला.

गाण्यात एक बाई आहे. लहान वयात लग्न, ट्रेलरमधलं घर, नवरा मारझोड करणारा. तिला आधार एकच, 'फोर टॉप्स'ची कॅसेट. लेव्हाय स्टब्ज हा त्या बँडचा मुख्य गायक, मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीतला सगळ्यात आर्त आवाज. आता गंमत बघा, आर्त आवाजावरचं गाणं लिहिलंय अशा माणसाने ज्याला स्वतःला तसं गाता येत नाही. तो गळा काढायला जातच नाही. एकेक कॉर्ड मारतो, मध्ये रिकामी जागा सोडतो आणि पोलिसांत जबाब द्यावा तशा सपाट सुरात घटना सांगत जातो. रडायचं काम कॅसेटमधल्या माणसाकडे सोपवलेलं. शिवाय गाण्यात मोटाउनच्या गीतकार-संगीतकारांची नावं घेतो, हॉलंड-डोझियर-हॉलंड, नॉर्मन व्हिटफील्ड, बॅरेट स्ट्राँग. पडद्यामागच्या कारागिरांची अशी नावानिशी हजेरी लावणारं दुसरं गाणं मला तरी माहीत नाही. शेवटाकडे एक पितळी वाद्य येतं, तोवर गिटारशिवाय काही नाही.

हे गाणं एखाद्या तयार गळ्याच्या गायकाने म्हटलं तर कदाचित वाटोळंच होईल.

बेसूर_बाबू

ऐकतो. मंडईचं विधान तूर्तास राखून ठेवतो.

मधला_षड्ज

छान धागा. प्रभावांबद्दल थोडी भर.

ब्रॅग म्हटलं की सगळे क्लॅश या पंक बँडचं नाव घेतात आणि ते बरोबरच आहे. ३० एप्रिल १९७८, लंडनमधल्या हॅकनीचं व्हिक्टोरिया पार्क, 'रॉक अगेन्स्ट रेसिझम'चा मोठा मेळावा. ब्रॅग तेव्हा नोकरी करणारा विशीतला पोरगा, ऑफिसात वर्णद्वेषी शेरे रोज ऐकायचा आणि गप्प बसायचा. तो गेला होता क्लॅशला बघायला. तिथे टॉम रॉबिन्सन या गायकाने समलिंगी अभिमानाचं गाणं सुरू केलं तेव्हा आजूबाजूचे पुरुष एकमेकांचं चुंबन घ्यायला लागले. आधी तो चक्रावला, मग त्याच्या लक्षात आलं की फॅसिस्टांचा राग फक्त काळ्या माणसांवर नाही, जो कुणी वेगळा आहे त्या सगळ्यांवर आहे. ही हकीकत त्याने अनेकदा सांगितली आहे. आणि त्यातला मला आवडणारा भाग असा की बदल मंचावरच्या बँडमुळे झाला नाही, शेजारी उभ्या असलेल्या गर्दीमुळे झाला, हे तो आवर्जून सांगतो. गाण्याने जग बदलतं असा दावा तो कधी करत नाही.

पण क्लॅशच्या आधी त्याच्या कानावर सायमन अँड गारफंकल, डिलन, मोटाउन आणि फेसेस हा रॉक बँड होते. 'अ न्यू इंग्लंड' या त्याच्या सगळ्यात गाजलेल्या गाण्याची सुरुवात सरळ पॉल सायमनच्या एका जुन्या गाण्यातून उचललेली आहे आणि तो ते लपवत नाही. गिटार वाजवण्यात मला डॉ. फीलगुड या बँडचा विल्को जॉन्सन ऐकू येतो, तोच तुटक, टोकदार हात.

राहता राहिलं फोक. तर फोक त्याच्याकडे आलं संपामुळे. मार्च १९८४ ते मार्च १९८५, खाणकामगारांचा संप. हा मदतीचे कार्यक्रम करत कोळसा पट्ट्यात फिरला. त्याची समजूत अशी की आपण लंडनहून काहीतरी जहाल घेऊन आलोय. तिथे त्याच मंचावर जुने फोक गायक, निवृत्त खाणकामगार उभे राहिले आणि त्यांची गाणी याच्या गाण्यांपेक्षा जहाल निघाली. मग तो शिकला. १९८५च्या 'बिट्वीन द वॉर्स' या ईपीवर (मोजक्या गाण्यांची छोटी रेकॉर्ड) 'विच साइड आर यू ऑन' आहे, मूळ १९३१ मधलं, केंटकीच्या हार्लन काउंटीतल्या कोळसा लढ्यातलं, फ्लॉरेन्स रीसचं. त्याच ईपीवर सतराव्या शतकातल्या डिगर्सवर (जमीन सगळ्यांची म्हणणारी इंग्रज मंडळी) लिऑन रॉसलसनने लिहिलेलं गाणं आहे. ही ईपी ब्रिटिश खपाच्या यादीत १५व्या क्रमांकापर्यंत गेली आणि ब्रॅग बीबीसीच्या 'टॉप ऑफ द पॉप्स'मध्ये येऊन ते शीर्षकगीत खरंखुरं गायला. त्या कार्यक्रमात बहुतेक जण रेकॉर्ड लावून नुसते ओठ हलवायचे, हे लक्षात घ्या.

ढोलकीवाला

षड्ज, तुमचा संपाचा परिच्छेद वाचून आपल्याकडचा १९८२चा गिरणी संप आणि आपली शाहिरी आठवल्याशिवाय राहिली नाही. अण्णा भाऊंच्या 'माझी मैना'त बायकोचा विरह आणि मुंबईचा लढा एकाच गाण्यात येतात, आणि कोणता भाग 'खरा' असं विचारावंसं वाटत नाही. ब्रॅगचं मला तेच आवडतं. 'ग्रीटिंग्ज टू द न्यू ब्रुनेट'मध्ये प्रेयसीशी चाललेल्या लाडीगोडीत मधेच राजकारण डोकावतं आणि ते चिकटवलेलं वाटत नाही. त्यात जॉनी मारची गिटार आणि कर्स्टी मॅकॉलचा आवाज आहे हा बोनस.

उंटावरचा_शहाणा

सगळे आरती ओवाळताहेत म्हणून विरोधी बाकावर बसतो.

एक, 'रेड वेज'. १९८५ मध्ये ब्रॅग, पॉल वेलर, जिमी समरव्हिल वगैरे गायकांनी तरुणांना मजूर पक्षाकडे वळवायला काढलेली आघाडी. १९८७ मध्ये थॅचर तिसऱ्यांदा निवडून आल्या. पक्षाच्या प्रचाराला जुंपलेला कलाकार ना धड कार्यकर्ता राहतो ना कलाकार.

दोन, २.९९ पौंडांचं कौतुक झालं, पण याच साहेबांनी पुढे 'गो! डिस्क्स' कंपनीशी दहा लाख पौंडांच्या उचलीचा करार केला, तो का कुणी सांगत नाही? १९९१चा 'डोंट ट्राय धिस अ‍ॅट होम' त्यातून आला. चकचकीत निर्मिती, व्हिडिओ, सिंगल्स, पूर्ण बँड. समाजवाद कव्हरवर आणि चेक खिशात.

तारस्वर

शहाणे, तुम्ही माझाच पुढचा प्रतिसाद अर्धा लिहून दिलात.

रेड वेजबद्दल फार भांडणार नाही. पक्ष आणि गायक यांची लगीनगाठ क्वचितच टिकते, तीही १९९०पर्यंत सुटली. एवढंच म्हणेन की त्या मंडळींनी नुसत्या मैफली केल्या नाहीत, दिवसा तरुणांच्या आणि खासदारांच्या समोरासमोर चर्चाही ठेवल्या.

पण दुसरा मुद्दा फार महत्त्वाचा, कारण ती गोष्ट तुम्ही मध्येच सोडलीत. चार अल्बमांचा करार, दहा लाखांची उचल, हे खरं. अल्बम आला. 'सेक्शुअ‍ॅलिटी'सारखं खुसखुशीत गाणं त्यात होतं, जाहिरात झाली, पण विक्री काही त्या प्रमाणात वाढली नाही. त्यानंतर तेरा महिन्यांचा जगभरचा दौरा, पाठोपाठ अपेंडिक्सचं दुखणं आणि सक्तीची विश्रांती. आता अशा वेळी रूढ रस्ता कोणता? उरलेले तीन अल्बम कसेबसे पाडायचे, उचल फेडत राहायचं. उचल म्हणजे बक्षीस नव्हे हे इथल्या बऱ्याच जणांना माहीत असेलच. तुमच्या रॉयल्टीतून कंपनी ती वळती करून घेते. स्टुडिओचा खर्च आणि बरेचदा व्हिडिओचाही काही भाग तुमच्याच खात्यात पडतो. सगळं फिटलं तरी मूळ ध्वनिमुद्रण, ज्याला मास्टर म्हणतात, ते कंपनीचंच. कर्ज तुम्ही फेडलं आणि घर बँकेच्या नावावर राहिलं, असा हा जगावेगळा व्यवहार.

ब्रॅगने १९९२च्या उन्हाळ्यात काय केलं? उचलीतली शिल्लक रक्कम कंपनीला परत केली आणि बदल्यात आपल्या आधीच्या सगळ्या गाण्यांचे हक्क मागून घेतले. कंपनीलाही न चालणाऱ्या कलाकारावरचे पैसे परत मिळाले. दोघे मोकळे. १९८३ पासूनचा सगळा सातबारा त्याच्या नावावर. पुढे त्याच रेकॉर्ड्स 'कुकिंग व्हिनिल' या कंपनीमार्फत पुन्हा बाजारात आल्या.

सीडीचा धंदा तेव्हा ऐन भरात होता. हातात आलेली रोकड परत देऊन दहा वर्षं जुन्या, मुळात डेमो असलेल्या ध्वनिमुद्रणांचे हक्क घ्यायचे, याला त्या काळात वेडेपणा म्हणणारे पुष्कळ भेटले असते. म्हणून मला तो दहा लाखांचा करार त्याच्यावरचा डाग वाटत नाही. त्यातून बाहेर कसा पडला हे महत्त्वाचं.

कराराचा_कीस

तारस्वर, या प्रतिसादासाठी धन्यवाद. मी एका बँडात कीबोर्ड वाजवत असे. आमच्या एका गाण्याचे हक्क आम्ही 'सर्व माध्यमांत, आज असलेल्या व भविष्यात येणाऱ्या' अशा वाक्याखाली सही करून देऊन बसलोय, कायमचे. कंपनीचं नाव घेत नाही. ते वाक्य वाचताना भारदस्त वाटलं होतं.

म्हणून ब्रॅगचं २००६चं मायस्पेस प्रकरण मला विशेष भावतं. तेव्हा प्रत्येक होतकरू गायकाची गाणी मायस्पेस या सोशल साइटवर असायची. त्यांच्या अटी ब्रॅगने वाचल्या (लोक अटी वाचतात, ही पहिली बातमी). चढवलेल्या गाण्यांवर कंपनी फार सैल भाषेत परवाना घेते असं त्याला दिसलं, तेव्हा त्याने आपली गाणी काढून घेतली आणि बोंब ठोकली. महिन्याभरात मायस्पेसने अटींची भाषा बदलून गाण्यांची मालकी कलाकाराचीच राहील असं स्वच्छ लिहिलं. त्याचं म्हणणं स्वतःपुरतं नव्हतं. माझ्याकडे वकील आहे, मॅनेजर आहे, पण घरात बसून पहिलं गाणं चढवणाऱ्या पोराकडे नाही, आणि उद्या तेच गाणं गाजलं तर?

मग मार्च २००८. बेबो नावाची सोशल साइट एओएलने ८५ कोटी डॉलरला घेतली. ब्रॅगने न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून विचारलं की लोक या साइटवर येत होते ते तिथल्या संगीतामुळेही, मग विक्रीच्या रकमेत त्या संगीतकारांचा वाटा कुठे आहे? अनेकांनी खिल्ली उडवली. गाणी तर तुम्हीच फुकट दिली होती, तुम्हाला जाहिरात मिळाली, आता कसला वाटा! आज ज्याच्या-त्याच्या व्हिडिओंवर कंपन्या चालतात तेव्हा तो प्रश्न इतका हास्यास्पद वाटत नाही.

पण तो सरसकट इंटरनेटविरोधी नाही. २००९ मध्ये 'फीचर्ड आर्टिस्ट्स कोअ‍ॅलिशन' सुरू झाली, म्हणजे रेकॉर्ड कंपन्यांपासून वेगळी, खुद्द कलाकारांची संघटना. ब्रॅग त्यातल्या पुढच्या फळीत. फुकट गाणी उतरवून घेणाऱ्या श्रोत्यांना कोर्टात खेचायला त्यांचा विरोध होता. गिऱ्हाइकाला चोर ठरवून धंदा होत नाही, पैसा श्रोत्याच्या खिशात शोधू नका, त्या रहदारीवर कोण कमावतंय तिथे शोधा, असा एकूण सूर.

उंटावरचा_शहाणा

आणि स्पॉटिफाय? तिथे तर साहेबांनी बाजू घेतली होती ना कंपनीची?

कराराचा_कीस

कंपनीची बाजू नाही घेतली. नोव्हेंबर २०१३ मध्ये त्याने फेसबुकवर लिहिलं ते असं: स्पॉटिफायच्या नावाने खडे फोडणं म्हणजे ऐंशीच्या दशकात सोनी वॉकमनविरुद्ध मोहीम काढण्यासारखं आहे. खरं दुखणं रेकॉर्ड कंपन्यांशी असलेल्या करारांत आहे. तबकड्यांच्या जमान्यात कंपनी कारखान्यात माल छापायची, गोदामात ठेवायची, ट्रकने दुकानांत पोचवायची, फुटतूट आणि परत आलेला माल सोसायची. म्हणून कलाकाराला ८ ते १५ टक्के. आता ना छपाई, ना गोदाम, ना ट्रक. तरी टक्केवारी बहुतेकांची तीच.

हे तंत्र नीट समजून घेण्यासारखं आहे. स्ट्रीमिंग सेवा पैसे गायकाला पाठवत नाही, ज्याच्याकडे मास्टरचे हक्क त्याला पाठवते. गीत आणि चाल यांचा वाटा वेगळा, तो पब्लिशरच्या वाटेने जातो आणि तो आकाराने लहान असतो. मास्टर कंपनीकडे असेल तर मोठा वाटा तिथे जातो, आणि तिथून तुमच्या जुन्या करारातल्या टक्क्यांप्रमाणे, उचल वळती करून, काही उरलं तर तुमच्याकडे.

उंटावरचा_शहाणा

तेच तर म्हणतोय. ज्याच्या नावावर सातबारा त्याला स्पॉटिफाय गोड लागणारच. १९८३ मध्ये पोटापुरते श्रोते जमवलेल्या माणसाने २०१३ मध्ये 'स्पॉटिफायला शिव्या देऊ नका' म्हणणं सोपं आहे. आज पहिलं गाणं टाकणाऱ्या मुलीकडे मास्टर शंभर टक्के तिचा असतो हो! कुठली कंपनी मधे नाही. तरी तिला चहापुरतेही पैसे मिळत नाहीत, कारण सगळ्या ऐकण्यांची एकच मोठी थैली आणि वाटणी एकूण ऐकण्यांच्या प्रमाणात. तुमच्या ब्रॅगचा 'करार सुधारा' हा उपाय तिच्या काय कामाचा?

तारस्वर

हा आत्तापर्यंतचा सगळ्यात चांगला आक्षेप. मला वाटतं ब्रॅगचं निदान अर्धं बरोबर आहे. जुन्या करारवाल्यांसाठी पूर्ण, नव्यांसाठी अपुरं. ब्रिटिश संसदेच्या एका समितीने जुलै २०२१ मध्ये स्ट्रीमिंगच्या अर्थकारणावर अहवाल दिला, त्यात ही घडीच मुळापासून नव्याने बसवा आणि कलाकारांना कायद्याने न्याय्य मोबदल्याचा हक्क द्या असं म्हटलं होतं. म्हणजे निव्वळ करारांवर भागत नाही, हे तिथेही लक्षात आलं.

मधला_षड्ज

या चर्चेला एक जुना संदर्भ जोडतो. ब्रॅगने २०१७ मध्ये स्किफलवर जाडजूड पुस्तक लिहिलंय. स्किफल म्हणजे पन्नाशीच्या दशकात इंग्लंडात पोरासोरांनी धुमाकूळ घातलेला प्रकार. स्वस्तातली गिटार, कपडे घासायची पत्र्याची पाटी आणि चहाच्या खोक्याला दांडा-दोरी लावून केलेला बास. लॉनी डोनेगनचं 'रॉक आयलंड लाइन' १९५४ मध्ये ध्वनिमुद्रित झालं आणि १९५६ मध्ये तुफान चाललं. बीटल्सवाल्या लेननचा पहिला बँड स्किफलचाच. ब्रॅगचा मुद्दा असा की पंकच्या वीस वर्षं आधी 'तीन कॉर्ड शिका आणि बँड काढा' हे इथे होऊन गेलं होतं. आणि आपल्या धाग्याशी संबंधित भाग असा: त्या गाण्याबद्दल डोनेगनला मिळाले ते त्या दिवसाच्या वाजवण्याचे मोजके पौंड, रॉयल्टी नाही.

जुनी_कॅसेट

'मर्मेड अव्हेन्यू' या अल्बमांचा विषय कसा कुणी काढला नाही अजून?

अमेरिकन लोकगायक वुडी गथ्री १९६७ मध्ये गेला, हंटिंग्टनच्या आजाराने. मागे हजाराहून जास्त गाण्यांचे शब्द उरले, चाली त्याच्या डोक्यात होत्या, त्या त्याच्याबरोबर गेल्या. त्याची मुलगी नोरा हिने ते कागद ब्रॅगकडे दिले. अमेरिकेतला कुणी डिलनछाप माणूस न निवडता बार्किंगचा. ब्रॅगने विल्को या अमेरिकन बँडला सोबत घेतलं आणि १९९८ मध्ये पहिला अल्बम आला. त्यात सभेतला वुडी कमी आणि घरातला जास्त आहे. इन्ग्रिड बर्गमनवर भाळलेला, चावट, मुलांसाठी बडबडगीतं लिहिणारा. 'वे ओव्हर यॉन्डर इन द मायनर की' नक्की ऐका, मागे नॅटली मर्चंटचा आवाज आहे. 'कॅलिफोर्निया स्टार्स' विल्कोकडचं, तेही सुंदर. दोन्ही बाजूंचे मिक्सिंगवरून खटके उडाले आणि एकत्र दौरा काही झाला नाही. तरी एकूण तीन भाग निघाले.

मृत माणसाच्या कागदांवर असं काम करताना बहुतेक जण फार अदबीने वागतात आणि गाणी संग्रहालयातल्यासारखी होतात. इथे तसं झालं नाही.

नवखी

धागा फार आवडला, वाचनखूण साठवली. मी ब्रॅग अजिबात ऐकलेला नाही. सुरुवात कुठून करू? आणि कराराचा_कीस, मी स्वतः गाते, सध्या एका छोट्या कंपनीचा मसुदा समोर आहे. नेमकं काय बघायचं असतं?

जुनी_कॅसेट

'टॅक्समन'पासून कर. मग 'लाइफ्स अ रायट', सोळा मिनिटांत होतो. मग कर्स्टी मॅकॉलने १९८५ मध्ये गायलेलं 'अ न्यू इंग्लंड', जे सातव्या क्रमांकापर्यंत गेलं. तिच्यासाठी ब्रॅगने एक कडवं जास्तीचं लिहून दिलं होतं. २००० मध्ये ती गेल्यापासून तो मैफलींत ते कडवं तिच्या नावाने गातो.

बेसूर_बाबू

'लेव्हाय स्टब्ज' ऐकलं. मंडई मागे घेतो. त्या एका गाण्यापुरतीच.

ढोलकीवाला

'जेल गिटार डोअर्स' राहिलं. २००७ मध्ये ब्रॅगने सुरू केलेला उपक्रम, तुरुंगातल्या कैद्यांना गिटार पुरवायचा. नाव क्लॅशच्या एका गाण्यावरून. पुढे ब्रिटिश तुरुंगांत स्टीलच्या तारांच्या गिटारींवर बंदी आली तेव्हा त्यासाठीही तो भांडला आणि २०१४ मध्ये ती उठली. आणि म्हातारा थंड झालेला नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये ऑलिव्हर अँथनी नावाच्या अमेरिकन गायकाचं श्रीमंत राजकारण्यांवर चिडलेलं गाणं रातोरात पसरलं, त्यात सरकारी मदतीवर जगणाऱ्या गरिबांनाही टोमणे होते. ब्रॅगने काही दिवसांत त्याच घाटाचं उत्तर-गाणं लिहून टाकलं: राग बरोबर आहे, पण गरिबावर काढू नकोस, युनियनमध्ये ये.

उंटावरचा_शहाणा

एवढ्या वर्षांनी उपाय तोच! सातत्याला दाद द्यावी लागेल, बाकी मतभेद कायम.

कराराचा_कीस

नवखी, मी वकील नाही, पोळलेला माणूस आहे, तेवढ्या हिशोबाने वाच. आधी बघ की मास्टर तू कायमचा देऊन टाकतेयस की ठराविक मुदतीसाठी वापरायला देतेयस. दुसरा प्रकार मिळत असेल तर उचल कमी आली तरी तोच घे. मुदत आकड्यात लिहिलेली हवी आणि मुदत संपल्यावर हक्क आपोआप परत येतील असं वाक्य हवं, 'परस्पर संमतीने' वगैरे नको. कंपनीने गाणं बाहेरच काढलं नाही तर काय, तेही लिहून घे. उचलीतून कोणकोणते खर्च वळते होणार याची यादी माग, 'इतर खर्च' या शब्दाखाली काहीही बसतं. हिशोबाची वही तपासायचा हक्क ठेव. गीत-चालीचे हक्क आणि ध्वनिमुद्रणाचे हक्क एकाच कलमात कोंबलेले दिसले तर तिथेच थांब. आणि 'भविष्यात येणाऱ्या सर्व माध्यमांत' दिसलं की मला व्यक्तिगत निरोप कर, सहीच्या आधी.